खंडेनवमीच्या पाटावरचं हत्यार

पोलीस खात्यात माणूस इतकं पाहतो, की बरंचसं आपोआप पुसलं जातं. हे प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे. तेव्हा मी आदिलाबाद जिल्ह्यात सर्कल इन्स्पेक्टर होतो. दसरा तोंडावर आला होता, मक्यात दाणा भरला होता आणि रानडुकरांनी शेतकऱ्यांना सळो की पळो करून सोडलं होतं. परवान्याची बंदूक असलेले शेतकरी दिवस कलला की मचाणावर जाऊन बसत.

एके दिवशी इस्पितळातून वर्दी आली. तामसीकडच्या एका शेतकऱ्याच्या हातात बंदूक फुटली होती. जाऊन पाहिलं तर उजव्या हाताची बोटं गेलेली आणि एक डोळा पट्टीखाली. जबाब घ्यायला बसलो, पण गडी एकच पालुपद धरून होता.

“बंदूकच जुनी होती साहेब. नशिबात होतं, झालं.”

“काडतूस कुठून आणलं?”

“दुकानातूनच. दुसरीकडून काऊन आणू?”

इतक्या पटकन आलेलं उत्तर बहुधा पाठ केलेलं असतं. मी फुटक्या बंदुकीतलं रिकामं काडतूस जिल्ह्याच्या आर्मररकडे, म्हणजे खात्याची हत्यारं सांभाळणाऱ्याकडे नेलं. त्यानं ते बोटांत फिरवलं आणि सांगितलं, की हे एकदा उडालेलं काडतूस कुणीतरी घरी पुन्हा भरलं आहे, आणि दारू जास्त झाली आहे. भरायची हत्यारं तीन तऱ्हेची असतात, म्हणाला. एक टेबलाला बोल्टनं आवळायचं, दुसरं हातोडीनं ठोकायचं आणि तिसरं अडकित्त्यासारखं मुठीत दाबायचं. चोरून काम करणारा तिसरंच निवडणार. टेबलाला भोकं पडत नाहीत, शेजाऱ्याच्या कानावर ठोकाठोकी जात नाही आणि पिशवीत घालून कुठंही नेता येतं. इतकी चिमुकली वस्तू एवढा अनर्थ करते, याचं मला नवल वाटत राहिलं. पण खरी धास्ती वेगळीच होती. त्याच हातानं भरलेली काडतुसं आणखी कुणाकुणाच्या घरात असतील? दर संध्याकाळी कुणीतरी मचाणावर चढत होतं.

खबर दिली ती इचोड्याच्या एका ढाबेवाल्यानं. चहा पुढे ठेवत तो म्हणाला, “साहेब, ज्यायच्या घरी शिलाई मशीनच नाही, ते लोकं मशीन दुरुस्तीवाल्याकडे काय करून राह्यले?”

मी त्याच दिवशी त्या दुकानाची झडती घेतली. पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा माणूस. पाने, पकडी, पेचकस, तेलाच्या बाटल्या. संशय घ्यावा असं काहीच सापडलं नाही. ठाण्यात आणून दुपारभर विचारपूस केली.

“मशीनचं तेल नेतेत साहेब. मोटारीले लागते, बिजागरीले लागते.”

आवाज शांत होता. पण कपाळावर घाम होता, आणि बंदूक फुटलेल्या शेतकऱ्याचं नाव काढलं की तो डोळे मिटून घ्यायचा. पुराव्यावाचून किती बसवणार? मुचलका लिहून घेऊन सोडला.

खंडेनवमीला सकाळी आम्ही ठाण्यातल्या रायफलींची पूजा केली. नंतर मी बाजारात चक्कर टाकली. त्या दिवशी प्रत्येक दुकानात कामाची हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडलेली असतात. दुरुस्तीवाल्याच्या दारात थांबलो. पाटावर पाने होते, पकडी होत्या, आणि त्यांच्याच रांगेत, हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूचं फूल, ते अडकित्त्यासारखं हत्यार!

मी बघतच राहिलो. झडतीत न सापडलेली वस्तू यानं भर बाजारात मांडावी?

त्यानं माझी नजर पाहिली. पळाला नाही.

“त्या दिवशी छपरात लपवून ठेवलं होतं,” तो म्हणाला. “आज नाही ठेवू शकलो. त्याच्यावर घर चाललं साहेब. बाकी सारी हत्यारं देवापुढं आन् हे एकटंच अंधारात, हात धजला नाही.”

“आणि त्या माणसाचा डोळा?”

त्याचा चेहरा पडला. “माप हरवलं होतं. अंदाजानं भरलं. भीतीपायी गप्प राह्यलो. पण कोणाकोणाले देल्ली ते सारं ठावं हाय मले. चला, मीच मांगून आणतो.”

पंचनामा करून हत्यार ताब्यात घेतलं आणि त्याला जीपमध्ये बसवलं. गावोगाव तो दारात उभा राहून हात जोडायचा. “माह्या हातानं चूक झाली, काडतुसं वापस द्या.” आमच्या वर्दीपुढे ज्यांनी तोंडसुद्धा उघडलं नसतं, त्यांनी त्याला मुकाट्यानं काडतुसं आणून दिली.

शेवटच्या घरी बाई म्हणाली, “ते तं कवाचे वावरात गेले.”

आम्ही वावरात पोचलो तेव्हा दिवस बुडत होता. मक्याच्या मधोमध मचाण, वर बंदूक घेऊन बसलेला म्हातारा. तो कानानं ठार बहिरा. आम्ही बोंबललो, हॉर्न वाजवला, काही उपयोग नाही. मक्यात शिरावं तर पानं हलणार, आणि म्हाताऱ्याच्या लेखी हललं ते डुक्कर! जमादार म्हणाला, “सार, उतरेल तेव्हा उतरेल, थांबू.”

“अन् त्याच्या आंधी डुक्कर आलं तं?” दुरुस्तीवाला म्हणाला.

आम्ही अडवायच्या आत त्यानं खांद्यावरचा पांढरा टॉवेल दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि मक्यात शिरला. पानं खसखसली. म्हाताऱ्यानं बंदूक त्या बाजूला फिरवली. टॉवेल थांबला नाही, वाकला नाही, सरळ मचाणाकडे जात राहिला. अखेर म्हाताऱ्याला टॉवेल दिसला असावा. त्यानं नळी वर केली. दुरुस्तीवाला मचाणावर चढला, काडतूस स्वतःच्या हातानं काढलं, आणि परत येऊन बांधावर मटकन बसला.

“आता घाला बेड्या,” तो म्हणाला.

घातल्या. गुन्हा होता, एका माणसाचा डोळा गेला होता. शिक्षा झाली ती योग्यच झाली. पण कोर्टात साक्ष देताना मी ती संध्याकाळही सांगितली, कुणी न विचारता.

नोकरीत मी पुष्कळ शूर माणसं पाहिली, काही आमच्या खात्यातली, काही आमच्याविरुद्धची. गुन्हेगार म्हटलं की सगळा माणूस कळला असं मी समजत असे, ते त्या दिवशी सुटलं. त्याच्यावर रोखलेल्या नळीत काय आहे, हे आम्हाला फक्त ऐकून माहीत होतं. त्यातलं काडतूस त्यानं स्वतः भरलं होतं, आणि तरी तो चालत गेला.