चिंधी बांधलेलं वांगं

बी म्हणजे माणसाने मृत्यूला दिलेलं उत्तर, असं मी पूर्वी गंभीरपणे म्हणत असे. बायको म्हणायची, "उत्तर नंतर द्या, आधी झाडांना पाणी द्या."

परसात तिची काटेरी वांगी होती, बी तिच्या आईकडचं. मी नर्सरीतली चकचकीत, बिनकाट्याची सुचवली की म्हणे, "ती नुसती दिसायला." दरवर्षी सगळ्यांत चांगलं वांगं ती खायला तोडत नसे. लाल चिंधी बांधून ते बियांसाठी पिवळं होईपर्यंत झाडावर राखायची. यंदा चिंधी बांधली आणि आठवड्याने दवाखान्यात गेली. "चिंधीवालं तोडू नका," हे तिचं शेवटचं धड वाक्य.

त्या धावपळीत पाणी द्यायचं राहिलं. झाडं वाळली, तेवढं एक वांगं पिवळं होऊन टिकलं.

तेराव्याला घर भरलं होतं. शेजारच्या मालूताईंनी मला बाजूला घेतलं. "भाऊजी, घाबरू नका, पण परसात कुणीतरी करणी केली होती. वांग्याला लाल चिंधी! लिंबासकट कालव्यात सोडून आले."

"लिंबू कुठलं?"

"ते मी घातलं. उतारा नको?"

त्यांचे डोळे भरून आले होते. मी खरं काही सांगितलं नाही. माणूस गेलं तरी मागे काहीतरी उरतं, असं दिवसभर जो तो मला समजावत होता आणि मी मान हलवत होतो.

पुढच्या आठवड्यात नर्सरीतून रोपं आणली. बिनकाट्याची आहेत. वांगी तोडायला सोपी जातात.