मांजरपाटाचा पियानो

लहानपणी आमच्या घरी पियानो होता असं मी सांगते, तेव्हा लोक आधी माझ्याकडं बघतात आणि मग एकमेकांकडं. औरंगपुऱ्यातल्या दोन खोल्या, पुढच्या खोलीत आईचं शिलाई मशीन, आणि म्हणे पियानो. पण होता. आईनं शिवलेला होता.

छावणीत राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आईकडं कपडे शिवायला टाकत. घरी त्या पियानो शिकवत, आणि आम्ही मुलं त्यांना टीचर म्हणायचो. कटिंगच्या टेबलावर मी सारखी बोटं वाजवत बसते हे त्यांनी एकदा पाहिलं आणि आईला म्हणाल्या, "इसको मेरे पास भेजो."

त्यांची शिकवणी अजबच. बसल्या बसल्या विचारायच्या, "आज काय वाजवायचंय, बेटा?" मी बारा वर्षांची. तुला काय हवंय, हे तोवर मला कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळं पहिले दोन आठवडे मी नुसती "काहीही" म्हणत राहिले. त्यांनीही चिकाटी सोडली नाही. शेवटी मी लाजत लाजत लग्नाच्या बँडवाल्यांची एक धून गुणगुणले. त्यांनी तीच शिकवायला घेतली.

आता घरी सराव कशावर करायचा? आईनं टेप माझ्या हातात दिली. मी पियानोच्या मधल्या अठ्ठावीस पांढऱ्या पट्ट्या मापून आणल्या, सव्वीस इंच. आईनं त्या मांजरपाटावर आखल्या आणि काळ्या पट्ट्यांच्या जागी काळं अस्तर टाचलं. रोज चार वाजता मी ते कापड टेबलावर अंथरायची. आई मशीन चालवायची, मी बोटं. आवाज फक्त मशीनचा. वर्षभर आईनं माझं वाजवणं असं नुसतं पाहिलं, ऐकलं कधीच नाही. टीचरच्या घरी पालकांसमोर वाजवायचा दिवस ठरला, तेव्हा तिनं गिऱ्हाइकांना महिनाभर आधीच सांगून टाकलं, "त्या दिशी शिलाई बंद. पोरगी वाजवणारंय."

आणि नेमका तेव्हाच माझा डावा हात बिघडला. खालच्या सुराकडं लांब उडी घेतली की बोट दर वेळी एक पट्टी अलीकडं पडायचं. एकदा तर चिडून मी पट्ट्यांवर मूठच आपटली. टीचर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "गलती रोज नवी असली तर लक्ष नाही म्हणायचं. रोज तीच होत असली तर तिचं कारण शोधायचं. घरून तुझं ते कापड आण."

कापड पियानोवर अंथरलं तर पुरत्या दोन पट्ट्या कमी भरलं. मागच्या महिन्यात त्यावर चहा सांडला म्हणून आईनं ते धुतलं होतं, आणि ते आटलं होतं. दारात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला "कापड भिजवून आणलं का?" असं विचारणारी माझी आई. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"आईला सांगू नका," मी म्हणाले. तिच्या मापाला गल्लीत कुणी कधी नाव ठेवलं नव्हतं. पहिलं नाव मी ठेवायचं?

"मी नाही सांगणार," टीचर म्हणाल्या. "तू सांगायचं की नाही, ते तू ठरव. पण आता या कापडावर रियाज नको."

कापड मी दप्तरात दडवलं आणि ते टीचरकडं राहिलं अशी थाप मारली. दोन दिवस उघड्या टेबलावर बोटं आपटली. तिसऱ्या दिवशी दप्तरातून डोकावणारं कापड आईला दिसलं, आणि तिनं मशीन थांबवलं.

"लई वाईट शिवलंय का गं मी? लोकांत न्यायची लाज वाटती का?"

मग मात्र माझ्याच्यानं राहवेना. मी कापड बाहेर काढलं आणि सगळं सांगितलं. आईनं टेप लावली. पुन्हा लावली.

"भिजवलंच नाय मी," एवढंच म्हणाली.

लगेच उठून तिनं नवा मांजरपाट बादलीत टाकला आणि पदर खोचून माझ्याबरोबर छावणीत आली. पियानोचं माप तिनं स्वतः घेतलं, दोनदा. टीचर म्हणाल्या, "बैठो ना. एक सूर वाजवून बघा." आईनं हात पदराला पुसला आणि एका बोटानं एक पट्टी दाबली. आवाज थांबेपर्यंत ऐकत राहिली.

"रोज असं वाजत व्हतं व्हय?" तिनं मला विचारलं.

ठरल्या दिवशी मी वाजवलं. एके ठिकाणी चुकले, पण ती उडी चुकली नाही. टाळ्या थांबल्यावर टीचर सगळ्यांना म्हणाल्या, "हिच्या घरी जो पियानो आहे, तो हिच्या आईनं शिवलाय." सगळे मागं वळून आईकडं पाहू लागले. आई मान खाली घालून बसली. मला इतका अभिमान वाटला की कॉलर ताठ करावी म्हटलं, तर फ्रॉकला कॉलर नव्हती.

माझ्या वाजवण्याबद्दल आई चारचौघांत कधी अवाक्षर बोलली नाही. पण त्यानंतर कुणी न भिजवलेलं कापड घेऊन आलं, की ती मशीनवरून मान वर करून सांगायची, "आधी भिजवून आणा, बाई. माझ्या पोरीचा पियानो आटला, तिथं तुमच्या झंपराचं काय घेऊन बसलात?"