फ्रेमवर उतरलेली शाल

"फ्रेमला भोकं आहेत," मी म्हटलं आणि क्लाउसचा चेहरा उतरला.

ऑकलंड विमानतळाच्या कार्गो शेडमध्ये आम्ही नुकतीच पेटी उघडली होती. क्लाउस जर्मनीतल्या एका म्युझियमचा माणूस, इथल्या प्रदर्शनात लावायच्या चित्राला सोबत म्हणून आलेला. मी बायोसिक्युरिटी इन्स्पेक्टर. परदेशी मालातून किडे, बिया, माती या देशात शिरू नयेत हे बघणं माझं काम. इथली घरंसुद्धा लाकडाची. बोरर, म्हणजे लाकूड पोखरणारा किडा, म्हटलं की आम्ही कुठलीच जोखीम घेत नाही.

"भोकं जुनी आहेत," क्लाउस घाईघाईने म्हणाला. चित्रकार एक्स्प्रेशनिस्ट. डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा मनात उसळतं ते भडक रंगांत मांडणाऱ्यांपैकी. नाझींनी असली चित्रं म्युझियममधून हटवली, तेव्हा त्याच्या बहिणीने हे चित्र गोठ्याच्या माळ्यावर गवतात लपवलं. तिथेच कीड लागली. चित्रातही तीच बहीण होती. चेहरा पिवळा, अंगावर हिरवी शाल.

मी मंदारला, म्हणजे बॉसला, फोन लावला.

"भोकं जुनी की चालू, कळत नाहीये."

"मग फ्युमिगेट कर ना." म्हणजे बंद जागेत विषारी वायू सोडून किडे मारायचे.

"आणि रंग बदलला तर?"

"अगं, मग चित्राला रिटर्न फ्लाइट. लाइव्ह बोरर सुटला तर आपण दोघं न्यूजमध्ये."

"फ्रेम तेवढी काढता येईल?" मी क्लाउसला विचारलं. त्याने नुसतं बोट दाखवलं. शाल कॅनव्हासवर संपतच नव्हती, थेट फ्रेमवर उतरली होती. चित्रकाराने फ्रेम स्वतः कोरून रंगवली होती.

एरवी आम्ही लाकूड ठोकून बघतो. ताजा भुगा पडला तर किडा जिवंत. इथे ठोकायची माझी हिंमत होईना. चित्र उभंच ठेवून खाली काळा कागद पसरला आणि घरी गेले. क्लाउस तर हॉटेलवर गेलाच नाही, चित्रासमोर खुर्ची टाकून बसला.

सकाळी कागदावर बारीक पूड होती.

"संपलं," क्लाउस म्हणाला.

पूड मी मायक्रोस्कोपखाली ठेवली. बोररच्या भुग्यात लांबट गोळ्या दिसतात. इथे एकही नव्हती. नुसते कण, तेही हिरवे.

"किडा नाही!" मी जवळजवळ ओरडलेच.

क्लाउस मटकन पेटीवर बसला. "म्हणजे शाल झडतेय," तो हळू आवाजात म्हणाला. रंग सरसात, म्हणजे जनावरांच्या कातड्यापासून केलेल्या गोंदात, कालवलेला होता. सरस वाळून गेला होता, त्यात विमानाचे हादरे. मघाच्या ओरडण्याची मला लाज वाटली. फार वाईट वाटलं.

मी क्लिअरन्स दिला. मंदारचा मेसेज आला, "स्वीट ॲज!" म्हणजे इथल्या बोलीत 'झकास!'

प्रदर्शनाला मी लेकीला घेऊन गेले. ते चित्र भिंतीवर नव्हतंच, काचेखाली आडवं ठेवलं होतं. उभं केलं की रंग गळतो म्हणून.

"आई, व्हाय इज शी लायिंग डाउन?" लेकीने विचारलं.

"बरं नाहीये तिला," मी म्हटलं.

रिपोर्टवर 'नो इन्सेक्ट्स' लिहिलं की माझं काम संपतं. हल्ली ते मोठ्याने सांगण्याआधी मी समोरच्याचं तोंड बघून घेते.