हवेलीचे खरे शेजारी

आज जर्मनीत, बॉनमध्ये ऱ्हाईन नदीकाठी झुडपांचं कुंपण छाटत होते. त्या कडवट, हिरव्या वासाने आधी गाव आठवलं. आई पाटलांच्या नदीकाठच्या मळ्यात खुरपायला जायची. कौतुक व्हायचं ते पाटलांचं. मग आठवला इथला माझा पहिला सेमिनार. तेव्हाही खिडकीखाली असंच कुंपण छाटत होते.

विषय होता वसाहतकाळातल्या एका अमेरिकन मुत्सद्द्याची नदीकाठची हवेली आणि शेजारचं वजनदार घराणं. "दोन घराण्यांवर लिही, पुरे," असं प्रोफेसरबाईंनी बजावलं होतं. मी मात्र दोन्हीकडे राबणाऱ्या गुलामांवर बोलले. त्यांच्यात सोयरिकी व्हायच्या. खरे शेजारी तेच. बाईंना पटलं नसतं, तर माझी पीएचडी तिथेच थांबणार होती.

बोलून मी श्वास घेतला, तर सगळे टेबलावर बोटं ठोकू लागले. मला वाटलं, गप्प बसवतायत. मी आवाज चढवला, "थांबा, माझं संपलेलं नाही!"

बाजूचा अमोल मराठीत पुटपुटला, "अगं बाई, इकडे टाळ्यांऐवजी हेच करतात!"

"आल्झो, बरं तर," बाई हसल्या, "मग बोल की पुढे." आणि मी बोललेच.

आज हसू येतं, पण तेव्हा मी खाली बसले नाही, याचा अभिमान जास्त वाटतो. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. त्याच विषयावर मी डॉक्टरेट मिळवली.