व्याह्यांनी मिसूरीला बांधलेले फेटे

दोन हजार पाच साल. मी सदुसष्ट वर्षांचा होतो, आमचे व्याही माझ्याहून वर्षानं मोठे. अमेरिका कुणी शोधून काढली ते शिकलेल्यांनी सांगावं, मी चौथीत शाळा सोडली. पण त्या देशाच्या डोक्याला पहिला फेटा आमच्या व्याह्यांनी बांधला, ह्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेणार नाही.

व्याही म्हणजे सूनबाईचे वडील. कोल्हापूरकडचे, कापडाचे दुकानदार, स्वतः सदा फेट्यात. त्या वर्षी आम्ही दोघंही मिसूरी राज्यात सेंट लुईसजवळ माझ्या मुलाच्या घरी सहा महिने मुक्कामाला होतो. माझ्या बॅगेतून मेतकूट, पापड, कुरडया निघाल्या. त्यांच्या बॅगेतून फेटे निघाले. केशरी, गुलाबी, हिरवे, घडीवर घडी. सूनबाई म्हणाली, "आप्पा, हे कुणासाठी?" तर म्हणाले, "माणसं असतील की हितं? मोकळं डोकं बघवत न्हाई मला." आणि खरोखर बघवायचंच नाही. कुणी भेटला, दोन शब्द हसून बोलला, की ह्यांचा हात पिशवीत गेलाच. इंग्रजी येत नव्हतं, पण कोल्हापुरी इतक्या मोठ्यानं बोलायचे की समोरचा घाबरून मान पुढे करायचा. कचऱ्याच्या गाडीवरच्या धिप्पाड ड्रायव्हरला त्यांनी गाडी थांबवून गुलाबी फेटा बांधला. तेव्हापासून तो दर आठवड्याला आमच्या दारात भोंगा वाजवून जायचा. जानेवारीत शेजारच्या पोरांनी बर्फाचा माणूस केला, तर त्यालाही बांधला. ऊन पडलं, माणूस वितळून गेला आणि फेटा गवतावर तसाच बसून राहिला.

आता माझं दुखणं सांगतो. चार वर्षांपूर्वी मुलाच्या लग्नात व्याह्यांनी माझ्या सगळ्या भावकीला स्वतःच्या हातानं फेटे बांधले. माझ्या मेहुण्याच्या जीपवरच्या ड्रायव्हरलाही बांधला. आणि मी, वरबाप, खुर्चीवर मोकळं डोकं घेऊन बसलेलो. आमच्याकडे वरबापाला पहिला फेटा असतो. किती वेळ बसायचं माणसानं? उठलो आणि चारचौघांत सांगितलं, "आता माझ्या डोक्याला हात लावायचा नाही." बिनफेट्यानं लग्न लावलं. तो फोटो मुलाच्या हॉलमध्ये टांगलेला आहे. सगळे फेट्यात आणि मधोमध मी, बोडका. त्याच फोटोखाली बसून मी सहा महिने बघत होतो की बर्फाला मान आहे, कचऱ्याच्या गाडीला मान आहे, मला नाही. मागून घ्यायचा तर माझा स्वभाव नाही.

मे महिन्यात सूनबाई आमच्या तोंड फिरवून बसण्याला कंटाळली. "बाबा, आप्पा, तुम्ही दोघं एक दिवस आउटिंगला जा, प्लीज. तिकिटं बुक केलीत. ट्रेननं हर्मनला जायचं, संध्याकाळी परत. फार क्यूट गाव आहे, एकदम जर्मनी." मी म्हटलं, जर्मनी बघायला अमेरिकेत कशाला यायला हवं? व्याही पिशवी भरत होते.

गाडीत तिकीट बघायला कंडक्टर आला. लालबुंद, गोल, हसरा. हसला तिथेच फसला. व्याह्यांनी त्याची टोपी काढून सीटवर ठेवली आणि केशरी फेटा उलगडला. फेटा बांधायचा तर दुसरं टोक कुणीतरी ताणून धरावं लागतं. "धरा वं पाव्हणं," व्याही म्हणाले. डब्यात तिसरा मराठी माणूस नव्हता. मी टोक धरून मागे मागे सरकत पार संडासाच्या दारापर्यंत गेलो. पुढच्या स्टेशनावर तो कंडक्टर तुरा मिरवत खाली उतरला आणि त्यानं गाडी सोडली, ती एखाद्या इनामदारानं सोडावी तशी.

हर्मन नदीकाठचं गाव. विटांची बसकी घरं, खिडक्यांत फुलं, टेकडीवर चर्च, असं मुलगा सांगतो. मी पाहिलं ते फेट्याचं टोक. त्या दिवशी गावात त्यांची कसली तरी जत्रा होती आणि चामड्याच्या अर्ध्या चड्ड्या घातलेले म्हातारे चौकात बँड वाजवत होते. व्याह्यांनी आधी मोठ्या पितळी भोंग्यावाल्याला गाठलं. त्याला बांधून होईतो मागे रांग लागली. लोकांना वाटलं, हाही जत्रेतलाच खेळ. मी टोक धरून रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर उभा, मधून कापड ताणलेलं, दोन्हीकडे मोटारी खोळंबलेल्या. कुणी भोंगा वाजवेना, उलट उतरून रांगेत उभे राहू लागले. दुपारपर्यंत बँड सगळा फेट्यात. आम्हाला त्यांनी बटाट्याची आंबट भाजी खाऊ घातली, व्याह्यांनी त्यांना ठेचा दिला, आणि भोंगेवाला पाणी पीत पीतच पुढची गत वाजवायला गेला.

परतीच्या गाडीत बसलो तेव्हा पिशवी चपटी झाली होती. मला राहवलं नाही.

"संपले वाटतं सगळे?"

"संपले की."

"बर्फाला बांधलात. पितळी भोंग्याला बांधलात."

व्याह्यांनी पिशवीची घडी घातली. मग म्हणाले, "आवो पाव्हणं, तुमीच म्हणाला हुता, डोक्याला हात लावायचा न्हाई. चार वर्सं हात शिवशिवत्यात माझं."

"मग लग्नात मला मागे का ठेवलात?"

"मागं? आवो, मानाचा फेटा आमच्यात शेवटी असतोय! समदी गर्दी उरकायची, मग हात धुऊन, घोटभर पाणी पिऊन, निवांत बांधायचा. घाईत बांधायला तुमी काय जीपचं ड्रायव्हर हाय?"

"आमच्यात पहिला असतो."

"मग बोलायचं न्हाई?"

"विचारायचं नाही?"

जरा वेळानं व्याही उठले, जाऊन हात धुऊन आले, घोटभर पाणी प्यायले, आणि स्वतःच्या डोक्यावरचा फेटा उतरवायला लागले. त्यांचं मोकळं डोकं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. विरळ केस आणि कपाळावर फेट्याचा जन्माचा वळ. मी मान पुढे केली. टोक धरायला सकाळचाच कंडक्टर आला, फेट्यासकट. त्याला आता सराव झाला होता. गाडी वळणावर हलली, फेटा डाव्या कानावर कलला. व्याही म्हणाले, "सोडून परत बांधू?" मी म्हटलं, "हात लावायचा नाही." कंडक्टरनं आपली रिकामी टोपी व्याह्यांच्या डोक्यावर ठेवली आणि ती परत घेतलीच नाही. स्टेशनवर मुलगा आम्हाला ओळखेना.

व्याही जाऊन आता बरीच वर्षं झाली. हल्ली शिवलेले तयार फेटे मिळतात, डोक्यावर ठेवले की झालं. टोक धरायला कुणी लागत नाही. मी घालत नाही.

हर्मनहून परतलो त्या रात्री मी फेटा उतरवला नाही, खुर्चीतच बसून झोपलो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलगा उठायच्या आत, कचऱ्याचा डबा ओढत रस्त्यावर नेला आणि गाडी येईपर्यंत त्याच्या शेजारी ताठ उभा राहिलो.