पायाळूचा पाय

मी पायाळू, म्हणजे पायांकडून, जन्मलो हा माझा गुन्हा नाही. पण गांधीबागेमागच्या आमच्या गल्लीनं त्याची शिक्षा मला कळायला लागल्यापासून दिली. कुणाला उसण भरली की बोलवा याला. माणूस पालथा झोपणार, मी दुखऱ्या जागी तीनदा पाय लावणार. उसण आपोआपच उतरते. श्रेय माझ्या टाचेला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. हमालांच्या हक्काची पत्रकं वाटत मी बाजारभर फिरायचो. वडिलांचे थोरले भाऊ, आमचे मोठे बाबा, त्याच बाजारात कापडाच्या गाठी वाहायचे. अंगात ताप असला तरी वाहायचे. हिवाळ्यातल्या एका सकाळी ते काम टाकून घरी आले आणि छातीवर पंजा दाबून भिंतीला टेकले. बाहेर हुडहुडी, आणि यांचा सदरा घामानं ओला.

दुकानाच्या सेठनं म्हणे पित्त समजून सोडा पाजून पाठवलं. सोडा! गाठीवर दोन थेंब पडले तर ताडपत्री घेऊन धावणारा हा सेठ.

"उसण हाये," त्यांची बायको, आमची मोठी आई म्हणाली. "लाव पाय."

मी बरगडी दाबून पाहिली. "इथं दुखते?"

"नाई गा. आतून. छातीवर गाठ ठेवल्यावानी." मग डावा हात चोळत म्हणाले, "जबडा बी ओढून राह्यला."

उसण असली तर वळताना कळ येते, दाबलं की जागा सापडते. पित्ताची जळजळ वेगळी, खोकून दुखणारी छाती वेगळी. पण छातीवर असं ओझं, घाम, हाता-जबड्यात कळ, दम लागणं, यातलं काहीही दिसलं की ओवा नाही, सोडा नाही, पाय नाही. तडक दवाखाना. एवढी साधी गोष्ट मला पुस्तकात वाचून ठाऊक; या बाजारात ती कुणी कुणाला सांगितली नव्हती. गाठी उचलायला मात्र सगळ्यांनी शिकवलं होतं.

"पाय लावणार नाही. रिक्शा आणा!"

"पाहा, शिकला तं पाय लावाले लाज वाटून राह्यली याले!" शेजारचा हमाल दारातून बोलला. "एक डाव लाव, मंग ने कुठंबी. काहून अडून बसला?"

"लावला की तुम्ही उसण उतरायची वाट पाहत बसाल. मेल्यावर लावू? धर तिकडून!"

शिव्या देतच त्यानं धरलं. सायकलरिक्शात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. हृदयाचा झटका होता. उशीर केला असता तर गेले असते, डॉक्टर म्हणाले.

मोठे बाबा वाचून घरी आले, तोवर गल्लीनं निकाल देऊन टाकला होता: पायाळूच्या पायानंच वाचले. रिक्शात चढवताना माझा पाय त्यांच्या छातीला लागला, शेजाऱ्यानं डोळ्यांनी पाहिलं! मोठ्या आईनं माझ्या पायावर पाणी घातलं. मी संतापानं बादली उलथवली.

काही दिवसांनी तोच शेजारी छाती धरून, घामाघूम होऊन आमच्या दारात. "लाव गा लवकर."

"रिक्शात बस. तिथं गेल्यावर लावतो."

तो चढून बसला. मी खोटं बोललो, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.

तपासल्यावर त्याचं नुसतं पित्त निघालं. फुकट फिरवलं म्हणून गल्लीभर मला शिव्या देत होता. देऊ दे. शिव्या द्यायला जिवंत लागतो माणूस.