वहिनीच्या नखांचा रिपोर्ट

दादाचा फोन सकाळी आला. "ती गेली रे... चहा ठेवता ठेवता खाली बसली आणि गेली." माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघावा? "नखांच्या गोळ्या चालू केल्या होत्या का?" गोळ्या कुठल्या, अजून रिपोर्टच यायचा होता. वहिनीचं हृदय बंद पडलं होतं. पण मी पडलो मुळातच संशयी. दुधाने तोंड न पोळताही ताक फुंकून पिणारा.

सुमनवहिनी, माझी थोरली वहिनी, दादाबरोबर चांदीपला, आमच्या गावच्या घरी राहायची. भातशेती, म्हशी, आल्यागेल्याचं जेवण, सगळं तिच्या दोन हातांवर. मी गाव सोडून आचोळ्याला फ्लॅट घेऊन राहायला आलो, तरी दर रविवारी दादाबरोबर तांदळाच्या भाकऱ्यांचा डबा यायचाच. वर्षभरापूर्वी तिची नखं पिवळी पडली, जाड झाली, एक तर बोटापासून सुटायला लागलं. बुरशीच ही, मी ठरवून टाकलं. आणि त्याच हातांनी पीठ मळायचं... भाकरी घशाखाली उतरेना. डबा आला की मी भाकऱ्या देवळाबाहेरच्या गायीला घालायचो आणि दादाला सांगायचो, छान झाल्या होत्या.

शेवटी मीच तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. खरं सांगतो, तिच्या काळजीपेक्षा माझा संशय खरा ठरावा म्हणून. डॉक्टरबाई म्हणाल्या, "नुसतं बघून बुरशी म्हणता येत नाही. सोरायसिसमध्येही नखं अशी होतात, आणि तो कुणाला लागत नाही." त्यांनी नखाचा तुकडा कापला, त्याखालचा भुगा खरवडला आणि लॅबमध्ये पाठवला. रिपोर्ट आला, बुरशी नाही. मी लगेच लॅबवर घसरलो. नमुना बदलला असेल, नीट बघितलंच नसेल. मग वहिनीला खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिने कबूल केलं. निघण्याआधी तिने सुरीच्या टोकाने नखांखालचं सगळं साफ केलं होतं, आणि आठवडाभर मेडिकलवाल्याने दिलेलं बुरशीचं मलमही चोळलं होतं.

"डॉक्टरसमोर घान नखं कशी न्यायची, भाऊजी?"

मलम काही आठवडे बंद ठेवून पुन्हा नमुना घेतला. या वेळीही सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसले नाहीत. उरलं कल्चर. नमुन्यातून बुरशी वाढते का हे बघायला तीन-चार आठवडे लागतात म्हणे. "तेही येऊ दे," मी म्हणालो. तोवर गायीची चंगळ चालूच होती.

वहिनीचे दिवस उरकल्यावर तो रिपोर्ट आला. काहीच वाढलं नव्हतं. नखांवरचे बारीक खड्डे आणि हे रिपोर्ट पाहून डॉक्टरबाईंनी सोरायसिस असं निदान केलं. आता संशय घ्यायला कोणी उरलं नाही. कागद घेऊन चांदीपला गेलो. दादाने तो हातातही घेतला नाही. "मला कशाला दाखवतोस? मी तिच्या हातचं रोज खात होतो."

स्वयंपाकघरात दोरीवर रबरी हातमोज्यांची एक जोडी अजून तशीच लटकत होती. मी विचारलं तर दादा म्हणाला, "तुझ्या डब्यातल्या भाकऱ्या ती हे घालून थापायची. आमच्या नाही. म्हणायची, भाऊजींना किळस येते, पन बोलनार नाहीत." मोज्यांनी भाकरी नीट थापली जायची नाही, कडा चिरायच्या. चिरलेल्या ती स्वतः खायची आणि चांगल्या तेवढ्या माझ्या डब्यात घालायची.

त्याही मी गायीलाच घातल्या.